राउटरची शेजपाळी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या माणसाला 'पाळी' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात १८८०च्या दशकात आले आणि पाण्यामागोमाग वाटणीही आली. चारी एक, तिच्यावर अवलंबून असलेले शेतकरी अनेक. कुणी कधी आणि किती तास दारे धरायची, याचा क्रम ठरलेला. हीच शेजपाळी. आज घराच्या भिंतीवर लुकलुकणारा राउटर याच जातीचे काम करतो. फक्त त्याच्या पाळ्या सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतात, म्हणून बांधावरची भांडणे ऐकू येत नाहीत. एका खोलीत क्रिकेटचा सामना, दुसरीत मालिका आणि तिसरीत ऑनलाइन वर्ग एकदम सुरू झाला, की मात्र ऐकू येतात.

या पेटीचे मूळ गाव शोधत गेले तर हवाई बेटांवर पोचायला होते. बेटे विखुरलेली, संगणक होनोलुलूला. विद्यापीठातल्या नॉर्मन अब्राम्सन यांनी १९७१ साली रेडिओलहरींवरून 'अलोहानेट' सुरू केले. बोलायची लहर सर्वांना मिळून एक, आणि तिच्यावर ना पाटकरी ना यादी. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाणार. मग प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. अशा बेशिस्तीत त्या लहरीचा फार तर १८ टक्के उपयोग होतो, असे गणित सांगते.

अलोहानेटविषयी वाचून रॉबर्ट मेटकाफ यांना वाटले, बोलण्याआधी कान दिला तर? झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत त्यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर एका जाड तारेवर संगणक जोडले. तार मोकळी आहे का ते ऐका, मग बोला. टक्कर झालीच तर थांबा. हेच इथरनेट. राउटरच्या पाठीमागची चौकोनी भोके आजही त्याच घराण्यातली आहेत.

शेजपाळीवाले कुणीच नव्हते असे नाही. आयबीएमने १९८५ साली 'टोकन रिंग' बाजारात आणली. तिच्यात एक टोकन संगणकांमधून फिरत राही आणि ज्याच्या हाती टोकन, त्यानेच बोलायचे. पाळी चुकायची नाही, टेलच्या, म्हणजे शेवटच्या, माणसावर अन्याय व्हायचा नाही. तरीही जिंकले इथरनेट, कारण ते स्वस्त होते आणि बनवणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या. कालव्याच्या गावाला हा निकाल पटणे अवघड आहे. पुढे स्विच आले, प्रत्येक संगणकाला स्वतःची तार मिळाली आणि टक्करच उरली नाही. पण १९९७ साली वायफायचे पहिले मानक ठरले, तार गेली, आणि मंडळी पुन्हा एकाच हवेत बोलू लागली: आधी ऐका, थोडे थांबा, मग बोला.

तार वाटून घेता येते, पत्त्यांचे काय? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात, आणि ते संपणार हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला: आत कितीही यंत्रे असोत, बाहेर मोजकेच पत्ते दाखवायचे. आतल्या वापरासाठी काही आकडे कायमचे राखून ठेवले गेले, १९२.१६८ने सुरू होणारे त्यांतलेच. हा पत्ता 'मारुतीच्या देवळाशेजारी' यासारखा आहे. गावात तेवढ्याने घर सापडते, पण पाकिटावर तेवढेच लिहिले तर टपाल कुठेच पोचणार नाही, कारण मारुती गावोगावी आहे. घरातून कोणत्या यंत्राने काय मागवले याची नोंद राउटर ठेवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला देतो. दोघा लेखकांनी हा उपाय तात्पुरता म्हणूनच सुचवला होता. सरकारी कामात 'तात्पुरते' म्हणजे किती वर्षे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको.

आपल्याकडे इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत सुरू केले. जोडणी फोनच्या तारेवरूनच, त्यामुळे एकजण इंटरनेटवर बसला की घरचा फोन बंद. १९९९च्या 'विंडोज ९८'च्या दुसऱ्या आवृत्तीने एका संगणकाची जोडणी शेजारच्या संगणकाला वापरू देण्याची सोय दिली. मात्र पहिला बंद केला की दुसराही कोरडा. शहरांत केबलवाल्यांनी टीव्हीच्या तारांसोबत गच्च्यांवरून इंटरनेटच्या तारा ओढल्या आणि एकेक जोडणी अख्ख्या इमारतीत फिरवली.

ऊसपट्ट्यात वाटणीचा मोठा प्रयोग झाला तो वारणेला. सहकाराच्या त्या परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली संगणक केंद्रांची योजना निघाली. जगभराची माहिती, बाजारभाव, सारे गावात मिळेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर यायचा तो मुख्यतः ऊस किती भरला आणि पैसे किती जमा झाले हे बघायला. पुढे सात गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकाऐवजी मोबाइलवरच्या लघुसंदेशांचा वापर करून पाहिला. तेवढ्यानेही काम भागले. सोमेश्वर कारखान्याला ऊस घालणाऱ्या कोऱ्हाळ्याच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

छोट्या गावांच्या घरात कायमची जोडणी शिरली ती जानेवारी २००५ पासून, भारत संचार निगमच्या 'डेटावन'मुळे. वेग सेकंदाला २५६ किलोबिट, आणि २५० रुपयांच्या योजनेत महिन्याला ४०० मेगाबाइट, त्यापुढे मीटर. पण वरच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापर अमर्याद होता. मग घरातला पोरगा दोनचा गजर लावून उठायचा आणि सिनेमा उतरवायला लावायचा. कालव्याला रात्रीची पाळी असली, की बापही त्याच सुमाराला बॅटरी घेऊन दारे धरायला निघालेला असे.