परिवलनी द्रवातील जडत्व तरंग

अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या द्रवात किंवा वायूत केवळ परिवलनामुळे निर्माण होणारे तरंग. पाण्याच्या पृष्ठावरील लाटांना गुरुत्वाकर्षण लागते, ध्वनीला माध्यमाची संपीड्यता लागते. जडत्व तरंगांना यांपैकी काहीच लागत नाही. काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवलेल्या, सर्वत्र सारख्याच घनतेच्या पाण्यातही ते उठतात. भांडे फिरत असले पाहिजे आणि त्या फिरण्यात नियमित व्यत्यय आला पाहिजे, एवढीच अट. प्रयोगशाळेत हा व्यत्यय बहुधा भिंतीच घडवतात : भांड्याचा वेग ठरावीक तालात कमीजास्त करतात, झाकण किंवा तळ स्वतंत्रपणे मागेपुढे फिरवतात, किंवा द्रवात बुडवलेली तबकडी वरखाली हलवतात.

फिरत्या भांड्यासोबत फिरणाऱ्या निरीक्षकाला हलत्या कणावर त्याच्या गतीशी काटकोनात कार्य करणारी कोरिऑलिस प्रेरणा जाणवते. फ्रेंच गणिती गास्पार-ग्युस्ताव्ह कोरिऑलिस यांनी ती 1835 मध्ये मांडली. बाजूला ढकललेला कण या प्रेरणेमुळे सतत वळत राहतो आणि मूळ जागेकडे परततो. दुसरी कोणतीच प्रेरणा नसेल तर भांड्याच्या एका फेरीत तो अशी दोन वर्तुळे पुरी करतो. म्हणून परिवलनाच्या कंप्रतेची दुप्पट ही जडत्व तरंगांची वरची मर्यादा ठरते. भिंत त्याहून जलद हलवली तर क्षोभ भिंतीलगतच विरतो, आत काहीच जात नाही.

या मर्यादेखाली जे घडते ते तरंगविज्ञानात विरळाच आढळते. तरंगांची कंप्रता त्यांच्या लांबीवर अवलंबून नसते. ती केवळ दिशेवर अवलंबून असते. उलट बाजूने सांगायचे तर, भिंत कोणत्या तालात हलते यावरून ऊर्जा कोणत्या दिशेने जाईल हे ठरते. ऊर्जेच्या वाटेचा अक्षाशी जो कोन होतो त्याची ज्या (साइन) म्हणजे भिंतीची कंप्रता भागिले परिवलनाची दुप्पट कंप्रता. भिंत दर फेरीत एकदा मागेपुढे होत असेल तर हे गुणोत्तर अर्धे येते आणि ऊर्जा अक्षाशी 30 अंशांचा कोन करून जाते. ताल मंदावला की वाट अक्षाकडे झुकते. अगदी संथ क्षोभांत ती अक्षाला समांतरच होते, आणि मग द्रवातून संथपणे सरकणाऱ्या अडथळ्याच्या वरचा-खालचा सगळा द्रव एखाद्या खांबासारखा त्याच्याबरोबर सरकतो. प्राउडमन यांनी 1916 मध्ये गणिताने दाखवलेला हा परिणाम जी. आय. टेलर यांनी 1923 मध्ये प्रयोगाने सिद्ध केला. त्याला टेलर स्तंभ म्हणतात. आणखी एक विशेष असा की ऊर्जा तरंगाग्रांना काटकोनात न जाता त्यांच्याच दिशेने घसरत जाते.

भिंतीची हालचाल आतल्या द्रवापर्यंत पोचते ती एका अतिशय पातळ थरामार्फत. फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या ‘फ्राम’ मोहिमेत (1893–96) हिमखंड वाऱ्याच्या दिशेने न वाहता उजवीकडे वळून वाहतात असे दिसले होते. त्याचा उलगडा करताना स्वीडनच्या व्ही. डब्ल्यू. एकमन यांनी 1905 मध्ये या थराचे गणित बसवले. थराची जाडी श्यानता आणि परिवलन यांवरून ठरते. मिनिटाला साडेनऊ फेरे घेणाऱ्या पाण्यात ती सुमारे 1 मिलिमीटर भरते. भांडे थोडे जलद फिरवले की तळालगतच्या या थरातले पाणी बाहेर फेकले जाते, त्याची जागा घ्यायला आतले पाणी खाली ओढले जाते, आणि असे अभिसरण सुरू होऊन सगळे पाणी नवा वेग धरते. भांडे 10 सेंटिमीटर खोल असेल तर याला शंभरेक सेकंद पुरतात. केवळ श्यानतेवर विसंबून वेग थराथराने आत झिरपायचा असता तर पावणेतीन तास लागले असते. भिंतीच्या वेगातला बदल आत पोचायला वेळ लागतो हे घरीही दिसते : कच्चे अंडे ताटात गरगर फिरवून बोटाने क्षणभर थांबवले आणि सोडले की ते पुन्हा फिरू लागते, कारण कवच थांबले तरी आतला बलक थांबलेला नसतो. भिंत सतत मागेपुढे होत असेल तर एकमन थर द्रवाला आळीपाळीने शोषतो आणि ढकलतो. या धक्क्यांतूनच तरंग निघतात.

या विषयाचा आरंभ केल्व्हिन यांच्या 1880 मधील भोवऱ्याच्या कंपनांवरील निबंधापासून धरतात. त्यानंतर 1885 मध्ये प्वांकारे यांनी फिरणाऱ्या द्रवपिंडाच्या समतोलाचा विचार करताना जे समीकरण वापरले ते आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. भांड्यातल्या या तरंगांचे डोळ्यांना दिसणारे रूप 1950 च्या दशकात जर्मनीत ओझर यांच्या प्रयोगांत स्पष्ट झाले. गर्टलर यांच्या गणितानुसार, फिरत्या द्रवात कंप पावणाऱ्या तबकडीच्या कडेपासून शंकूच्या आकाराचे पातळ पडदे निघाले पाहिजेत. पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची बारीक चकाकती भुकटी मिसळून बाजूने प्रकाशाचा पातळ पट्टा सोडला की तिचे कण प्रवाहाप्रमाणे कलतात आणि पडद्याच्या जागी उजळ-काळ्या रेषा उमटतात. कंप्रता वाढवत नेली की शंकू रुंदावत जातो आणि परिवलनाच्या दुपटीशी रेषा नाहीशा होतात.

गोलाकार भांड्यावरील निर्णायक प्रयोग ऑल्ड्रिज आणि आलार टूम्रे यांनी 1969 मध्ये प्रसिद्ध केला. (आकाशगंगांच्या टकरींवरील कामासाठी खगोलशास्त्रज्ञ ज्यांना ओळखतात तेच हे टूम्रे.) पाण्याने भरलेला गोल एका वेगाने फिरवत ठेवून त्यांनी त्या वेगात लहानसा नियमित चढउतार मिसळला आणि अक्षावरील दाब मोजला. चढउताराची कंप्रता सावकाश बदलत गेल्यावर ठरावीक ठिकाणीच दाबाचा फरक एकदम वाढला. पाणी अनुस्पंदन पावत होते. सर्वांत साध्या रूपाचे अनुस्पंदन परिवलनाच्या कंप्रतेच्या 1.309 पटीला व्हावे असे गणित सांगते, आणि मापन त्याच्याशी जुळले. प्रयोगशाळेतल्या उपकरणाने इतके अमूर्त गणित पडताळावे, ही या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कामगिरी आहे.

जडत्व तरंग भिंतीवर आपटले की प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम पाळत नाहीत. भिंत कितीही तिरकी असली तरी परतणाऱ्या तरंगाचा अक्षाशी असलेला कोन पूर्वीचाच राहतो. त्यामुळे तिरक्या भिंतीवर तरंग आकुंचन पावून तीव्र होतात, आणि काही आकारांच्या भांड्यांत अनेक परावर्तनांनंतर सगळी ऊर्जा एकाच बंद मार्गावर गोळा होते. लिओ मास यांनी या ‘तरंग-आकर्षकां’चा सविस्तर अभ्यास केला. गोलात भिंतीचा उतार आणि ऊर्जेची वाट जिथे जुळतात त्या क्रांतिक अक्षांशावर एकमन थर जाड होतो आणि तिथूनच तीव्र पट्टे आत शिरतात. दर फेरीला एक दोलन असेल तर हा अक्षांश विषुववृत्तापासून 30 अंशांवर असतो. दोलन मोठे केले तर विषुववृत्तालगत, भिंत मंदावण्याच्या टप्प्यात, थर फाटून भोवऱ्यांच्या जोड्या उठतात.

तालात मागेपुढे होणारी भिंत एक स्थिर प्रवाहही निर्माण करते, ही गोष्ट तरंगांइतकीच महत्त्वाची आहे. सरासरीने भिंत कुठेच सरकत नाही. तरी थरातल्या अरैखिक परिणामांमुळे गोलातला द्रव सावकाश परिवलनाच्या उलट दिशेने सरकत राहतो. हा वेग दोलनाच्या परमप्रसराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तो श्यानतेमुळेच घडतो, पण त्याचे मूल्य श्यानतेवर जवळजवळ अवलंबून नसते. बुसे यांनी 2010 मध्ये त्याचे विश्लेषण दिले, आणि त्याच सुमारास फ्रान्स व अमेरिकेतल्या प्रयोगांतून त्याला दुजोरा मिळाला.

ग्रहांच्या बाबतीत भिंत म्हणजे द्रव गाभ्याभोवतीचे घन प्रावरण. बुध सूर्याभोवती 88 दिवसांत फिरतो आणि त्याच कालावधीत त्याचा परिवलन वेग किंचित डोलतो. मार्गो आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये पृथ्वीवरून रडारने हे डोलणे मोजले. विषुववृत्तावर ते चारशे ते साडेचारशे मीटर भरते. संपूर्ण घन ग्रह इतका डोलू शकत नाही. त्यावरून बुधाच्या गाभ्याचा निदान बाहेरचा भाग तरी वितळलेला असल्याचे सिद्ध झाले. शनीचा उपग्रह एन्सेलॅडस यावरही कॅसिनी यानाच्या छायाचित्रांतून 0.12 अंशांचे डोलणे आढळले आणि त्याच्या बर्फाखाली अखंड महासागर असल्याचे ठरले. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यात भूकंपांनंतर जडत्व तरंग ओळखल्याचा दावा ऑल्ड्रिज आणि लम यांनी 1987 मध्ये गुरुत्वमापकाच्या नोंदींवरून केला, पण तो सर्वमान्य झाला नाही.

समुद्रातल्या याच कुळातल्या दोलनांना भिंतीची नव्हे, वाऱ्याची चालना लागते. वादळ निघून गेल्यावरही वरच्या थरातले पाणी वर्तुळे काढत राहते. तिथे पृथ्वीच्या परिवलनाचा अक्षांशानुसार उभा पडणारा घटकच कामाला येतो, म्हणून मुंबईच्या अक्षांशावर एका वर्तुळाला सुमारे 37 तास लागतात, गोव्यासमोर सुमारे 45, आणि विषुववृत्ताजवळ हा काळ अमर्याद वाढत जातो.