सिमेंटचा वास: मोडलेल्या मणक्यांच्या एका उपचाराचा इतिहास

१/ उतारवयात हाडे ठिसूळ झाली की मणका मोडायला अपघात लागत नाही. भरलेली बादली उचलणे किंवा जोराची शिंकही पुरते. अशा मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराचा हा इतिहास.

२/ १९८४, फ्रान्समधील आमियाँ. पिएर गालिबेर आणि एर्वे देरामाँ यांच्या रुग्ण स्त्रीला मानेत असह्य वेदना होत्या. रक्तवाहिन्यांच्या गाठीने तिचा मणका पोखरला होता. त्यांनी सुईवाटे त्यात हाडांचे सिमेंट सोडले. कृत्रिम सांधे बसवताना वापरतात तेच. वेदना शमली. १९८७ साली हा अनुभव प्रसिद्ध झाला. उपचाराचे नाव व्हर्टिब्रोप्लास्टी.

३/ लवकरच ठिसूळ हाडांच्या रुग्णांवरही तो होऊ लागला. तोवर विश्रांती, वेदनाशामके आणि कमरेचा पट्टा, एवढेच उपाय हाती होते. १९९०च्या दशकात तो अमेरिकेत रुजला. आधी फुगा फुगवून दबलेला मणका उचलणारी कायफोप्लास्टीही पाठोपाठ आली. खाटेला खिळलेले वृद्ध चालू लागल्याचे डॉक्टर सांगत.

४/ मात्र असे बहुतेक अस्थिभंग काही आठवड्यांत आपोआपही भरून येतात. मग श्रेय सिमेंटचे की काळाचे?

५/ ऑगस्ट २००९मध्ये एकाच नियतकालिकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. रेचल बुकबाइंडर यांच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ७८ रुग्ण होते, तर डेव्हिड कॅल्म्स यांच्या चाचणीत १३१. निम्म्यांच्या मणक्यात सिमेंट भरले. उरलेल्यांवर केवळ लटकी शस्त्रक्रिया केली. संशय येऊ नये म्हणून सिमेंटचा उग्र वासही खोलीत दरवळू दिला.

६/ दोन्ही गटांच्या वेदना घटल्या, आणि त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. कॅल्म्स स्वतः हा उपचार करणारे होते, हे विशेष.

७/ वाद पेटला. ‘चाचण्यांत जुने अस्थिभंगही होते,’ असा आक्षेप आला. २०१६मध्ये सहा आठवड्यांच्या आतील, तीव्र वेदनेच्या रुग्णांना लाभ झाल्याचे ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या चाचणीने दाखवले. २०१८च्या डच चाचणीत मात्र लटक्या शस्त्रक्रियेहून सरस परिणाम दिसला नाही. म्हणूनच आज अनेक तज्ज्ञ हा उपचार सरसकट न करता निवडक रुग्णांपुरता राखतात.

८/ रुग्णांना मिळालेला आराम खरा होता. त्याचे कारण तेवढे सिद्ध झाले नव्हते. शिवाय सिमेंट एका मणक्याला आधार देते, बाकीची हाडे ठिसूळच राहतात. म्हणून पहिला मणका मोडताच हाडे बळकट करणारे औषधोपचार सुरू करणे आणि पडणे टाळणे अगत्याचे. वादाच्या गदारोळात नेमके हेच मागे पडते.