रोबो म्हणजे वेठ

१८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या. बाहुली नाचवा नाहीतर पेटीत टाका, तिला काही वाटत नाही. पण उद्या यंत्राला जाणीव आली तर?

‘रोबो’ हा शब्द आला कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. ती आपल्याला नवी नाही. महार वतनात गावची कामं जन्मानेच माथी यायची. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्याविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं.

दुःख कळणारं यंत्र घडवून त्याला ‘तू राबण्यासाठीच जन्मलास’ म्हणणं, हे नवं वतनच. माझं म्हणणं एवढंच: त्याला आधी ‘नाही’ म्हणायचा हक्क द्या, नाहीतर घडवूच नका. तुम्हाला काय वाटतं?