भाऊसाहेब बांदोडकर आणि गोमंतकाचा जनमतकौल

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतकातील सुमारे साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट संपुष्टात आली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, तीस सभासदांच्या विधानसभेसाठी निवडणूक होऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तारूढ झाला. श्री. दयानंद बाळकृष्ण तथा भाऊसाहेब बांदोडकर हे पहिले मुख्यमंत्री झाले. स्वतः खाणमालक असूनही कुळे व कष्टकरी यांचा विश्वास त्यांनी संपादिला होता. त्यांच्या कारकीर्दीत १९६४ चा कूळकायदा झाला व खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या.

महाराष्ट्रात विलीनीकरण हे पक्षाचे मुख्य ध्येय. १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही संमत केला. परंतु हा निर्णय जनतेनेच प्रत्यक्ष द्यावा, असा विरोधकांचा आग्रह होता. केंद्राने जनमतकौल घेण्याचे ठरविले. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून भाऊसाहेबांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये सत्तेवरून दूर झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. चौतीस हजारांच्या अंतराने त्यांच्या ध्येयाचा पराभव झाला.

तथापि अवघ्या काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांच्या पक्षास पुन्हा निवडून दिले. ध्येय नाकारूनही जनतेने नेता नाकारला नाही. नेत्यानेही प्रतिकूल कौल शिरोधार्य मानून राज्यकारभार चालविला. १९७२ मध्ये तिसऱ्यांदा विजयी होऊन, १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे देहावसान झाले. स्वतंत्र घटकराज्याचा दर्जा गोव्यास पुढे ३० मे १९८७ रोजी लाभला. त्या वाटेवरील निर्णायक कौल भाऊसाहेबांच्या इच्छेविरुद्ध होता. पण तो निर्वेधपणे लागावा यासाठी सत्ता सोडणारेही तेच होते.