दीडशे रुपयांची मुलूखमैदान

भिंतीला चिकटपट्टीने डकवलेलं एक केळं २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या सदबीज नावाच्या लिलावघरात ६२ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणजे आपले बावन्न कोटी रुपये, थोडे इकडेतिकडे. घेणारा आभासी चलनाच्या धंद्यातला कोट्यधीश. काही दिवसांनी त्याने हाँगकाँगमध्ये पत्रकारांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर ते सोलून खाल्लं. चव चांगली होती म्हणे. बावन्न कोटीत चांगली नसेल तर कशात असणार?

आमच्या नातेवाईकांमध्ये या बातमीवर बरीच चर्चा झाली. कला म्हणजे काय, भांडवलशाही कुठे चाललीय वगैरे. एका आत्याचा प्रश्न मात्र मूलभूत होता: "वेलची होतं का हिरवी साल?"

मला ती बातमी वाचून आमच्या परंड्याची तोफ आठवली. केळं आणि तोफ यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध लिलावाचा.

साल १८५४. साताऱ्याच्या कमिशनरसाहेबांनी हुकूम सोडला की विजापुरात उगाच पडून राहिलेल्या जुन्या तोफा लिलावात काढा. (विजापूर साताऱ्याकडे कसं? १८१८ नंतर इंग्रजांनी ते साताऱ्याच्या महाराजांच्या राज्यात घातलं होतं. १८४८ मध्ये दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केला, तेव्हा विजापूरही कंपनीच्या पदरात पडलं. नव्या मालकाने घरात आल्याआल्या माळा साफ करायला घ्यावा तसं हे.) त्या माळ्यावरच्या सामानात एक डाग होता मुलूखमैदान. लांबी सव्वाचौदा फुटांहून जरा जास्त, तोंडाचा घेर असा की माणूस आत बसू शकेल, आणि वजन अंदाजे ५५ टन. सगळ्यात चढी बोली आली ती दीडशे रुपयांची.

दीडशे! मी लगेच गणित मांडलं. रुपयाला साडेतीनशे किलोंहून जास्त धातू. तोही साधं लोखंड नव्हे, तांबं आणि कथील मिळून होतो तो घंटेचा धातू. आमच्या गल्लीत जुन्या वह्या आणि प्लॅस्टिकच्या बादल्या घ्यायला येणारा भंगारवालासुद्धा यापेक्षा बरा भाव देतो.

पण जरा त्या बोली लावणाऱ्याच्या बाजूने विचार करा. धातू महाग होता हे त्यालाही कळत असणार. अडचण दुसरीच होती. तोफ घेऊन करायचं काय? उचलायची कशी? विजापुरात तेव्हा रेल्वे नाही, रस्ते यथातथा. जागेवर फोडायची म्हटली तरी जिने सोळाव्या शतकापासून दारूचे स्फोट पोटात रिचवले, ती घणाच्या चार घावांनी थोडीच फुटणार? तेव्हा दीडशे रुपये ही तोफेची किंमत नव्हतीच. हमालीचा खर्च वजा जाता जे उरलं ते हे.

सुदैवाने जागेवरच्या असिस्टंट कमिशनरला ही बोली फारच कमी वाटली आणि त्याने सौदा थांबवला. त्याआधी १८२३ मध्ये मुंबई सरकारच्या मनात ही तोफ इंग्लंडच्या राजाला नजराणा म्हणून पाठवायचं आलं होतं. तेही राहिलं, कारण बंदरापर्यंत नेण्याजोगा रस्ता नव्हता. खराब रस्त्यांनी मराठी मुलुखावर केलेला हा बहुधा एकमेव उपकार.

आता ही विजापूरची तोफ "आमची" कशी, ते सांगतो. ती ओतली १५४९ साली अहमदनगरला, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हुसेन रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलुखातून आलेला. तोफेचं तोंड त्याने एखाद्या हिंस्र श्वापदासारखं घडवलं: जबडा पसरलेला, आणि त्या जबड्यात दातांखाली सापडलेला हत्ती. हा हत्ती लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग ती परंड्याच्या किल्ल्यात आली. परंड्याचा किल्ला हा भुईकोट. बहमनी वजीर महमूद गवानने बांधला असं मानतात. खंदक, दुहेरी तट, बुरुजामागे बुरुज. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा निजामशाहीची राजधानी काही काळ चक्क परंड्याला होती. आज साध्या खरेदीसाठी बार्शी गाठणाऱ्या आमच्या गावाला हे सांगितलं की गाव आधी हसतं आणि मग जरा ताठ बसतं.

पुढे परंडा आदिलशाहीकडे गेलं आणि १६३२ मध्ये मुरारपंतांनी तोफ विजापूरला हलवली. हे मुरारपंत म्हणजे आपले मुरार जगदेव. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला म्हणून शाळेत ज्यांचा राग यायचा तेच. याच मुरारपंतांची दुसरी गोष्ट तुळापूरची. त्यांना हत्तीच्या वजनाइतकं दान करायचं होतं, पण हत्ती तोलणार कसा? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली म्हणतात: हत्तीला नावेत चढवा, नाव किती बुडते तिथे खूण करा, मग हत्ती उतरवून खुणेपर्यंत दगड भरा आणि दगड तोला. म्हणून त्या गावाचं नाव तुळापूर. काळ साधारण तोच, तोफ नेल्यानंतरचा वर्षभराचा. मला वाटतं काही माणसांना जड वस्तू दिसली की चैन पडत नाही. आधी हत्ती गिळणारी तोफ हलवली, मग खराखुरा हत्ती तोलला! बिचाऱ्यांचा शेवट मात्र वाईट झाला. १६३५ मध्ये दरबारातल्या मारामारीत त्यांना हालहाल करून मारलं.

तोफ ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. परंडा ते विजापूर हे अंतर आजच्या रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सीना, भीमा. आता जरा साल बघा, १६३२. दख्खनमध्ये १६३० ते ३२ हा भयंकर दुष्काळ होता. १६३० साली परंड्याला वेढा घालून बसलेला मोगल सरदार आझमखान वैरण मिळेना म्हणून वेढा उठवून गेला होता. जिथे बादशाही घोड्यांना गवत नाही, तिथे चारशे बैल कुणाच्या दावणीतून सुटले असतील? आकडा थोडा फुगवलेला असेल, दोनशे धरा. तरी दोनशे बैल म्हणजे शंभर घरांचा नांगर. तोफेवर नावं आहेत ती रूमीची, निजामशहाची, आणि नंतर १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरून घेतलेला स्वतःचा लेख. बैलवाल्यांपैकी कुणाचं नाव तिथे नाही. मुलूखमैदान म्हटलं की मला आता आधी ते बैल दिसतात.

असो. जरा हलकं काही सांगतो.

या तोफेला एक जोडीदारीण होती, कडक बिजली. तीही परंड्याहून निघाली आणि वाटेत नदीत बुडाली, अशी दंतकथा. कुणी भीमेत सांगतं, कुणी कृष्णेत. यात एक छोटीशी अडचण आहे. कृष्णा विजापूरच्या दक्षिणेला वाहते. परंड्याहून उत्तरेकडून येताना कृष्णेत बुडायचं तर विजापूर मागे टाकून पुढे जावं लागेल. गाडीवान झोपला होता की काय, कोण जाणे :-)

दुसरी दंतकथा तालीकोटच्या लढाईची, १५६५ ची. निजामशाही तोफखान्यावरच्या रूमीखानाने गोळे संपल्यावर की काय, तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून विजयनगरच्या फौजेवर सोडल्या. त्यात मुलूखमैदानही होती असं म्हणतात. खरं असेल तर गंमत बघा, जिने एका दुपारी पोत्यांनी पैसे उधळले, तिची तीनशे वर्षांनी किंमत आली दीडशे रुपये. उधळ्या माणसांना आमच्याकडे हेच उदाहरण द्यायला हवं.

शिवाय बत्ती दिल्यावर कानठळ्या बसू नयेत म्हणून गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारायचा, तोफ भर उन्हातही गार लागते, तिला हात लावून इच्छा बोलली की पुरी होते, हेही सांगतात. यातलं घंटेसारखं वाजण्याचं तेवढं धातूमुळे पटतं. बाकीचं ज्याचं त्याने एप्रिलच्या उन्हात हात लावून ठरवावं.

नावाचीही एक वेगळीच कथा. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. मराठीने त्या मलिकाचा मुलूख केला आणि मुलूखमैदान असा शब्द पाडला. तोफ थंडावली तरी शब्द थंडावला नाही. निवडणूक आली की गावोगाव फलक लागतात: अमुक पक्षाची मुलूखमैदान तोफ आज सायंकाळी सहा वाजता धडाडणार. मग तोफ साडेनऊला येते, माईक कुईं करतो आणि तोफेचा घसा बसलेला असतो. मूळ तोफेला निदान उशिरा येण्याची सवय नव्हती. एकदा बसवली ती बसवली.

परंडेकरांपैकी काहींना अधूनमधून वाटतं की तोफ परत मागावी. मला ही मागणी ऐकायला आवडते, पण धोका आहे. आम्ही विजापूरकडे मागितली की नगरकर म्हणतील, ओतली आमच्याकडे, द्या आम्हाला. रूमीच्या नावाने तुर्कस्तानही अर्ज करेल. सीमाप्रश्नाला आधीच पुरेशी कलमं आहेत. पत्त्यांचा गोंधळ वेगळाच: २०१४ मध्ये बिजापूरचं विजयपुरा झालं, २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तोफेच्या तिन्ही जिल्ह्यांची नावं दहा वर्षांत बदलली. परंडा तेवढं परंडाच राहिलं. बदलण्याइतकं आमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसावं.

आणि लक्ष जाणं ही फार मोठी गोष्ट आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तीही सदबीजकडेच. महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि आधी ठेवली गेली ती साताऱ्याला. ज्या साताऱ्याच्या कचेरीतून १७० वर्षांपूर्वी मुलूखमैदान मोडीत काढायचा कागद निघाला, त्याच साताऱ्यात उसन्या वाघनखांसाठी रांगा लागल्या. याचा मला आनंदच आहे. फक्त एक लक्षात येतं: या दोन्ही वस्तू हातात मावणाऱ्या. म्हणूनच त्या गेल्या. हलकी वस्तू खिशातून जाते, पेटीतून जाते, मग परदेशी काचेच्या कपाटात दिसते आणि मग आपल्याला तिची किंमत कळते. मुलूखमैदान राहिली ती आपण जपली म्हणून नव्हे. ती जड होती म्हणून राहिली, आणि ऐनवेळी एका कारकुनी डोक्याला दीडशे हा आकडा खटकला म्हणून राहिली.

परंड्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. पंचधातूच्या आहेत, नक्षीकामाच्या आहेत, किल्ल्यात दगडी गोळे आहेत, नरसिंहाचं देऊळ आहे, जुन्या देवळांसारखे खांब असलेली मशीद आहे. त्यातलं काहीच ५५ टनांचं नाही. गोळा तर दोघांनी धरला तर उचलतो.

आणि मुलूखमैदान गेल्यावर परंड्याचं काय झालं, हे तर कुणी सांगतच नाही. १६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान भलीमोठी फौज घेऊन परंड्यावर आले. तोफ जाऊन दोन वर्षं झाली होती. महिनोन्महिने वेढा चालला, सुरुंग लावले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर शहजादा हात हलवत परत गेला. किल्ला पडला नाही.

तेव्हा तोफ विजापूरला राहू दे, सुखात आहे ती तिथे. तुम्ही सोलापूर-बार्शीच्या बाजूला आलात तर एक दिवस काढून परंड्याला मात्र या. येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणा, आणि बुरुजावरच्या ज्या तोफा कुणी अजून विकत मागितलेल्या नाहीत, त्या बघून जा. बघणारे असले की विकणाऱ्याला जरा संकोच वाटतो.