पिठाची मर्यादा आणि बेळगावची हवा

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची जुनी रीत आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, आणि सह्याद्रीचा माथा पश्चिमेला हाकेच्या अंतरावर. 1818 मध्ये जनरल मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला आणि पुढं इंग्रजांनी इथं छावणी बसवली, त्यात या थंड हवेचाही वाटा होता. साहेबाला उन्हाळ्याची धास्ती, म्हणून त्यानं गावाची हवा उन्हाळ्यावरून जोखली. आपल्या घरातल्या बायकांनी मात्र ती पावसाळ्यावरून जोखली. हा दुसरा हिशेब कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडत नाही. तो पिठाच्या डब्यात सापडतो.

आधी आकडे बघू. बेळगावात सगळ्यात तापतो तो एप्रिल, दुपारी 35-36 अंशांपर्यंत. मे महिना त्याच्यापेक्षा थोडा निवळ, कारण तोवर वळीव सुरू झालेला असतो. सकाळपासून जीव नकोसा होतो, चारच्या सुमाराला पूर्वेकडून ढग चढतात, गारा पडतात आणि रात्री पांघरूण लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे 14 अंशांपर्यंत उतरतं, पण दुपार 29-30 ची असते. आता गंमत बघा. वर्षातली सगळ्यात थंड दुपार थंडीतली नव्हे, ती श्रावणातली. जुलै-ऑगस्टमध्ये पारा दुपारीसुद्धा 25-26 च्या वर फारसा जात नाही आणि रात्री 19-20 च्या खाली उतरत नाही. दिवस-रात्र एकच हवा, ओली.

आता आपली मर्यादा आठवा. दळलेलं पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन दिवस. निव्वळ उष्णतेनं पीठ बिघडत असतं, तर सगळ्यात कमी मर्यादा एप्रिलची हवी होती. ती दिली आहे पावसाळ्याला, जेव्हा दुपार सगळ्यात गार असते. म्हणजे हा नियम ज्यांनी बांधला त्यांनी ऊन मोजलं नाही, ओल मोजली. पिठाला जाळी धरते, त्यात जीव होतात, ते दमट हवेनं. थर्मामीटर नसताना हे ओळखलं होतं.

पण नियम ग्रंथात लिहिला पुरुषांनी, दळलं बायकांनी, हेही सांगायलाच हवं. पावसाळ्यात तीन दिवसांची मर्यादा म्हणजे दर तिसऱ्या पहाटे जातं. दहा-पंधरा माणसांचं घर, बाहेर मुसळधार, लाकडं ओली, दाणेही सादळलेले, आणि सादळलेला दाणा जात्याला जड जातो. अहिंसेचं व्रत घराचं, दंड भरून यायचे ते सुनेचे. पुढं गिरण्या आल्या तेव्हा काही घरांत त्यांना विरोध झाला, आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ आत राहतं म्हणून. विरोध करणाऱ्यांत दळणाऱ्या किती होत्या हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

माझं माहेर अथणीकडचं. जिल्हा एकच, पण हवा दोन. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बेळगावात तेराशेच्या आसपास, आणि अथणीकडं पाचशे-सहाशेवर समाधान. शंभर-दीडशे मैलांच्या आत हा फरक, कारण ढग सह्याद्रीवर चढतानाच रिकामे होत येतात. माझी आई पोथीप्रमाणं चालायची. आपल्यात ऋतू तीनच, चार-चार महिन्यांचे, आणि अष्टान्हिक पर्वही तीनच, कार्तिक, फाल्गुन आणि आषाढात, ऋतू पालटताना. आषाढाची अष्टान्हिका झाली की तीन दिवसांचा हिशेब सुरू, तोवर पाच. अथणीकडं ते निभतंही, आषाढ अर्धाअधिक कोरडाच जातो.

लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा सासूबाईंचं गणित निराळं दिसलं. मृग लागला की त्या तीन दिवसांवर यायच्या. मी म्हटलं, "अत्या, आषाढ अजून लांब आहे की." त्या म्हणाल्या, "अगं, पंचांगात उन्हाळा असंल, माझ्या कोनाड्यात पाऊस आलाय. मिठाचा डबा बघ." मिठाला पाणी सुटलं होतं. तीन ऋतूंची घडी मगधाकडची, महावीरांच्या विहाराच्या मुलखातली. पाऊस तिकडं आपल्यानंतर आठवडाभरानं पोहोचतो. सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी नियम मोडला नाही, इथल्या हवेला बेताचा करून घेतला.

सूर्यास्ताआधी जेवण्याचंही तसंच. बेळगावात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि जूनअखेरीस सातनंतर, फरक तासाभराचा. पण जुलैत सूर्य दिसतो कुठं? आठ-आठ दिवस आभाळ फाटलेलं नसतं. घड्याळ एखाद्याच घरी. मग बायका परसातल्या वेलाकडं बघायच्या. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, ती उमलायला लागली की चूल आवरायची. बहुतेक घरी दोडका लावलेला असे, भाजीसाठी तर होताच.

किल्ल्यातली कमल बस्ती 1204 ची, रट्टांचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं बांधलेली. शिलालेखात गावाचं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव. बांबू इथं माजतो तो याच ओलीवर. त्या दगडावर दानाच्या जमिनी बांधापर्यंत मोजून दिल्यात. भर एप्रिलच्या दुपारी बस्तीत जाऊन बसा, अंग निवतं. श्रावणात गेलात तर फरशीवर पाय जपून टाका, जाड दगड आतून घामेजलेला असतो.

आता बाजारात पिठाची पाकिटं मिळतात, त्यावर तीन-तीन महिन्यांची मुदत छापलेली, बेळगावला आणि अथणीला एकच, पौषात आणि श्रावणातही एकच. माझी सून ते पाकीट फोडते तेव्हा वरच्या कोपऱ्यात पेनानं तारीख टाकते. जूनपासून तीन दिवस मोजते, आणि उरलं तर चौथ्या दिवशी त्याची खळ करून नातवाच्या वह्यांना कव्हरं चिकटवते. मिठाचा डबा अजून त्याच कोनाड्यात आहे.