‘तुस्कानो’ आडनावाचा उगम आणि प्रसार

आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला, अशी समजूत आपल्या लोकांत आढळते. वसई तालुक्यातील कॅथलिक घराण्यांत ‘तुस्कानो’ हे आडनाव चांगलेच रूढ आहे. ते ऐकून त्या कुटुंबांचे मूळ इटलीत असावे, असा तर्क पुष्कळ जण करितात.

मूळ इटालियन शब्द ‘तोस्कानो’. अर्थ, तोस्काना प्रांताचा रहिवासी. परंतु जव्हारातच राहणाऱ्यास कोणी जव्हारकर म्हणत नाही. गाव सोडल्यावरच ते नाव पडते. त्याच न्यायाने हे आडनाव इटलीच्या दक्षिणेस, कालाब्रियासारख्या प्रांतांतही आढळते. पोर्तुगीजांतही ते रूढ आहे. त्यांच्या बोलण्यात आघात नसलेला ‘ओ’ हा ‘उ’ सारखा उच्चारिला जातो. आपला ‘तुस्कानो’ त्याच वळणाचा आहे.

इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्यास बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळे. नाव परमुलखाचे आले. कूळ व माती येथलीच राहिली.

साखरशेतच्या बंधुभगिनींनो, आपला जव्हार मुलूख १९४८ पर्यंत मुकणे राजांचे संस्थान होता. येथील भोये, गावित ही आडनावे या डोंगरांचीच. १९८३ ची धर्मसंहिता बाप्तिस्म्याच्या नावाविषयी सांगते. आडनाव बदला, असे सांगत नाही. सबब तुस्कानोंस कोणी परके म्हणू नये आणि भोये यांस कोणी उणे लेखू नये.